मोरी बघायला गेलो होतो, कुंदा

कुंदा, तुझ्या नवऱ्याशी मी खोटं बोलले. तेही कुठे, तर क्रिमेटोरियमच्या कार पार्कमध्ये, तुला निरोप देऊन बाहेर आले आणि दहा मिनिटंही झाली नव्हती तेव्हा. पुढच्या स्लॉटची माणसं आत शिरत होती. श्रीकांत माझ्याजवळ आला. कोटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. म्हणाला, "वैशाली, तुम्ही तर ट्रिपला बरोबर होतात. तिला तिकडे काही त्रास झाला होता का? छातीत वगैरे?" आणि तीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातम्या नीट समजावून सांगणारी मी म्हणाले, "नाही हो. अगदी मजेत होती."

"हां, मला वाटलंच," असं काहीतरी पुटपुटून तो पाहुण्यांकडे गेला.

त्याला आता पाच आठवडे झाले. सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा तेच वाक्य कानात येतं, माझ्याच आवाजात. अगदी मजेत होती. आता नाही सहन होत गं. आज रविवार आहे, दुपारी गाडी काढून वॉटफर्डला जाणार आहे आणि त्याला खरं काय ते सांगणार आहे. पण त्याआधी तुझ्याशी भांडून घ्यायचंय. शपथ तू घातलीस, आणि स्वतः निघून गेलीस. हा कुठला न्याय?

तुला पाण्याचं वेड जन्माचं. मालवणची तू, पाच वर्षांची असताना काकाने विहिरीत ढकललं आणि तू पोहायला लागलीस, हे मी शंभरदा ऐकलंय. आणि मी सदाशिव पेठेतली. माझा पाण्याशी संबंध बादलीपुरता. माझा घटस्फोट झाला तेव्हा मी सहा महिने सर्जरीतले पेशंट तपासायचे आणि घरी यायचं, एवढंच करत होते. तू एका शनिवारी वॉटफर्डहून लीड्सला येऊन थडकलीस. बॅगेतून माझ्या मापाचा स्विमिंग कॉस्च्यूम काढलास आणि म्हणालीस, "ऊठ. रडायचं तर पाण्यात रड, कोणाला कळायचं नाही." एकोणपन्नासाव्या वर्षी कौन्सिलच्या पूलमध्ये, सहा वर्षांच्या पोरांच्या क्लासशेजारी, तू मला तरंगायला शिकवलंस. "भिव नको गो," म्हणत पाठीखाली हात धरायचीस आणि न सांगता काढून घ्यायचीस. लबाड कुठली.

मग तुझ्या डोक्यात डायव्हिंग शिरलं. मिडलंड्समधल्या त्या पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीत आपण शिकलो. तू खालून यायचीस, मी वरून, एम-वन हायवेच्या मध्यावर भेट. नोव्हेंबरात पाणी आठ डिग्री, हिरवं, गढूळ, आणि बघायला काय, तर तळाला मुद्दाम बुडवून ठेवलेली एक बस! वर आल्यावर ओठ निळे, हात थरथरतायत, आणि गाडीच्या डिकीत बसून फ्लास्कमधला चहा आणि तुझी नाचणीची भाकरी. शेजारचे इंग्लिश बाप्ये सॉसेज रोल खात आपल्याकडे बघायचे. पन्नाशीच्या दोन बायका, केसांना तेल, अंगात रबरी सूट. तू त्यांनाही भाकरी दिलीस. त्यातला एक पुढच्या वेळी चटणी मागायला आला होता.

तिथेच एकदा तू म्हणालीस, "वैशे, आयुष्यभर मी दुसऱ्यांचे श्वास मोजले. पाण्याखाली गेलं की माझा ऐकू येतो." भूल देणाऱ्या डॉक्टरशिवाय हे कोणाला सुचेल? मी तेव्हा नुसती हसले होते. आता सर्जरीत एखाद्या दमेकऱ्याला नेब्युलायझर लावला, की त्या आवाजाने माझं वाक्य अर्ध्यात तुटतं. परवा नर्सने विचारलं, डॉक्टर, आर यू ऑल राइट? म्हटलं, हो, हो.

कॅरिबियनची टूम तुझीच. तिथल्या रीफवरचे शार्क बघायचे. मी म्हटलं, शार्क? तू म्हणालीस, "अगो, मोरी ती. आमच्याकडे मोरीचं मटण करतात. मी लहानपणापासून खाल्लीय, एकदा तिला जिवंत बघून सॉरी म्हणायला नको?" तुझ्यापुढे कोणाचं काय चाललंय!

आता तो फॉर्म. तो विषय टाळून चालणार नाही. डायव्ह सेंटरने मेडिकल फॉर्म पाठवला होता. तुला ब्लडप्रेशरची गोळी चालू, म्हणजे डॉक्टरची सही हवी. तू स्वतःच्या जीपीकडे गेली नाहीस. आपण कोणी जातो का? या देशात येऊन तीस वर्षं झाली, आपल्यातला एक डॉक्टर धड स्वतःच्या डॉक्टरकडे जात नाही. गुडघा दुखला, मित्राला फोन. गाठ लागली, मैत्रिणीला स्वयंपाकघरात दाखव. पेशंटने असं केलं तर आपण त्याला झापू. तू माझ्या घरी आलीस, मी बटाटेवडे तळत होते, आणि तू ओट्याला टेकून सहज म्हणालीस, "जिना चढताना इथे जरा धरतं गं हल्ली."

मी गॅस बारीक केला. हात पुसून तुझी नाडी बघितली. स्टेथोस्कोप आणून ऐकलं. सगळं ठीक वाटलं. म्हटलं, ईसीजी करून घे, ट्रेडमिल करून घे. तू म्हणालीस, "करते गं. मेनोपॉज असेल." मीही म्हटलं, असेल. मग तू फॉर्म काढलास. छातीत दुखतं का, या प्रश्नापुढे तू माझ्यादेखत 'नाही' वर गोल केलास आणि माझ्याकडे बघितलंस. मी बघितलं की तू बघतेयस. आणि मी सही केली. सर्जरीचा शिक्का सोमवारी मारला. कोपऱ्यात तेलाचा डाग पडला होता, तर तू वर मलाच बोललीस.

कोणी परका बाप्या माझ्यासमोर खुर्चीत बसून तेच बोलला असता ना, तर मी त्याला सरळ कार्डिऑलॉजीला पाठवलं असतं आणि त्याने कितीही तोंड वेंगाडलं असतं तरी फॉर्मवर सही केली नसती. तू माझी मैत्रीण होतीस, एवढाच तुझा दोष.

आणि तरी सांगते, ती डायव्ह मला कोणी परत दिली तर मी नको म्हणेन का, ठाऊक नाही. पाणी कसं होतं कुंदा! आपल्या त्या खाणीत हात पुढे केला तर बोटं दिसायची नाहीत, आणि इथे वीस मीटरवरून वर बोटीचा तळ दिसत होता. केंड्रिकने, आपल्या गाइडने, आधीच बजावलं होतं: हात छातीशी दुमडून ठेवा, बोट दाखवू नका, पाठलाग करू नका, ते येतील. आपण कड्याशी वाळूवर गुडघे टेकून बसलो. पाच मिनिटं कोणी नाही. मग निळ्यातून एक आली. राखाडी, माझ्याहून लांब, घाई अजिबात नाही. पाठोपाठ दुसरी. मग मोजायचं सोडून दिलं. एक तर इतक्या जवळून गेली की तिच्या पोटाला चिकटलेला मासाही दिसला. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. लग्नघरातल्या मोठ्या बायका येऊन नव्या सुनेला न्याहाळून जातात, तशा त्या आपल्याला बघून जात होत्या. डावीकडे तुझ्याकडे बघितलं तर मास्कच्या आत तुझे डोळे भरलेले. पाण्याखाली रडत होतीस, वेडे.

तेव्हाच मी तुझ्या टाकीतली उरलेली हवा दाखवणाऱ्या गेजकडे बघितलं. तू नेहमी माझ्यापेक्षा कमी हवा वापरायचीस. दर वेळी वर आल्यावर गेज माझ्या नाकापुढे नाचवायचीस. त्या दिवशी माझा काटा शंभरवर होता आणि तुझा साठवर. मी पाहिलं, आणि मनाशी म्हटलं, मोरी बघून उचंबळून आलीय, म्हणून श्वास जोरात चाललाय. मी तुला वर चल अशी खूण केली. तू निघालीस, पण दोनदा मागे वळून बघितलंस.

पाच मीटरवर, वर येताना थांबावं लागतं तसे, आपण दोरी धरून तीन मिनिटं थांबलो. एका हाताने तू दोरी धरली होतीस, दुसरा हात छातीच्या मधोमध दाबून धरला होता. मी बोटं जुळवून विचारलं, ठीक? तूही बोटं जुळवलीस. पाण्याखाली ठीक म्हणणं फार सोपं असतं गं, आवाज कापत नाही.

बोटीवर तुझा रंग गेला होता. घाम आलेला. तू म्हणालीस, "कालची मिरची. ॲसिडिटी." मी नाडी धरली तर हात झटकलास. मी ऑक्सिजन मागवला, केंड्रिकने मास्क आणला, आणि दहा मिनिटांत तू पूर्वीची झालीस. खरोखर झालीस. हसायला लागलीस. मग मी भडकले. म्हटलं, कुंदा, आता बेटावरच्या हॉस्पिटलमध्ये जायचं. तू म्हणालीस, इथे? दोन खाटा आणि एक फॅन आहे तिथे. म्हटलं, मग उद्यापासून डायव्हिंग बंद, आणि मी श्रीकांतला फोन करते. तेव्हा तू माझं मनगट धरलंस. "त्याला सांगायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. तो मला परत पाण्यात जाऊ देणार नाही. घरी गेले की पहिल्यांदा ईसीजी करते. पण त्याला एक अक्षर बोलायचं नाहीस, कध्धी."

छप्पन्न वर्षांची कन्सल्टंट बाई, आणि शाळेतल्या पोरीसारखी शपथ घालतेय. मी म्हटलं, शहाणी आहेस. तू म्हणालीस, घेतलीस ना? मी म्हटलं, घेतली बाई.

उरलेले दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू डेकवर बसून पपई खात होतीस आणि मला मुद्दाम ऐकू जाईल असं गुणगुणत होतीस. ते दोन दिवस मी कशाला गं वाया घालवले?

घरी आल्यावर मी मेसेज केला, ईसीजी? तू लिहिलंस, ड्यूटीच्या रोटात माणसं कमी आहेत, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तर हसणारं तोंड पाठवलंस. तिसऱ्यांदा नुसत्या दोन निळ्या खुणा. माझ्या सर्जरीत कोणी ब्लड टेस्ट चुकवली तर आम्ही दोन पत्रं आणि एक फोन करतो. तुला मी तीन मेसेज केले. बस, एवढंच केलं. पाचव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, धुतलेले कपडे घेऊन वर गेलीस आणि जिन्याच्या लँडिंगवर पडलीस. अचानक मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या ऑफिसमधून श्रीकांतला कळलं की हृदयाची मुख्य नळी जवळजवळ बंद होती. म्हणूनच त्याने मला कार पार्कमध्ये विचारलं.

आणि त्याच्या आधी आत काय झालं माहितेय? तुझ्या इराने स्लाइडशो केला होता. त्यात केंड्रिकने काढलेला व्हिडिओ. मोरी फिरतायत, मध्ये आई, हात छातीशी. "शार्कच्या मध्ये बसलाय माझा आई," असं ती रडत रडत आपल्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली आणि सगळा हॉल हसला आणि रडला. सगळ्यांना वाटलं, सूचना पाळतेय. मीही तेव्हा तेच समजले होते. पण आता मला दिसत होतं. बाकीच्यांचे हात दुमडलेले होते. तुझा एक हात दाबलेला होता.

तेव्हापासून तू माझ्याजवळून जात नाहीस. पाण्यात मी तुला डावीकडे ठेवायचे, आठ वर्षांची सवय, चार श्वास घेतले की डावीकडे मान. आता सुपरमार्केटच्या रांगेतही मान वळते. परवा पूलमध्ये डावीकडच्या लेनमध्ये निळी टोपी दिसली, मी तीन हात तिकडे गेले, आणि ती कोणी म्हातारी निघाली. "सॉरी लव," म्हणाली बिचारी, काही चूक नसताना. मी भिंत धरून उभी राहिले. मला भुताखेतांची भीती नाही कुंदा, तुझी तर मुळीच नाही. पण तू बोटं जुळवून 'ठीक' म्हणत राहतेस, त्याची वाटते.

जाते आता. तीन तास लागतील.

इथवर लिहिलं ते काल. आज सोमवार, मी सुट्टी टाकलीय.

श्रीकांतने पोहे केले होते, मीठ जास्त पडलेले. इरा कामाला गेली होती. कपड्यांची ती टोपली अजून वर लँडिंगवरच आहे, तो बाजूने जातो-येतो. मी बसलेच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जिना चढताना धरायचं ते, वडे, फॉर्म, माझी सही, साठवरचा काटा, बोट, शपथ. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "सही तुम्ही केलीत?"

"हो."

"आणि मी कार पार्कमध्ये विचारलं, तेव्हा तुम्ही..."

"हो."

तो सिंकपाशी गेला, पाठ करून. नळ सोडला, बंद केला. "तुम्हाला मी घरातली समजत होतो हो," म्हणाला. तुझा श्रीकांत, ज्याचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नाही. तो तेव्हाही चढला नाही. त्यापेक्षा त्याने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पर्स उचलली.

"बसा," तो म्हणाला. "मलाही सांगायचंय. कोणाला सांगितलेलं नाही. इरालाही नाही."

त्या गुरुवारी तो खाली काम करत होता, मेडनहेडच्या ऑफिसशी मीटिंग चालू होती. तू वरून हाक मारलीस, "श्री, वर ये रे जरा." त्याने हात वर केला, थांब म्हणून. कॅमेरा चालू होता ना. पण तुला तो हात वरून कसा दिसणार? तू पुन्हा हाक मारलीस. तो "आलोच" म्हणाला. तिसऱ्यांदा हाक आली नाही, म्हणून त्याला वाटलं, काम झालं असेल. मीटिंग संपवली, चहा ओतला, दोन कप, आणि ते घेऊन वर गेला.

हे सगळं उरात घेऊन तो त्या कार पार्कमध्ये माझ्यासमोर उभा होता गं. आधीपासून काही असेल, दुखणं जुनं असेल, एवढं तरी कोणी सांगावं म्हणून मला विचारत होता. आणि मी म्हणाले, मजेत होती. पाच आठवडे तो एकटा त्या जिन्याखाली उभा राहिला, माझ्यामुळे आणि तुझ्या त्या शपथेमुळे.

"वैशाली," तो म्हणाला, "आता तरी खरं सांगा. लगेच वर गेलो असतो तर?"

आपल्या दोघींना माहितेय त्या मिनिटांचं काय असतं. तुझी तर भाकरीच त्या मिनिटांवर होती. दोन हाका मारण्याइतका तुला श्वास होता. म्हणजे वेळ होता. थोडा असेल, पण होता. छाती दाबायला कोणी असतं, फोन केला असता, ॲम्ब्युलन्स सात-आठ मिनिटांत येते त्या भागात. वाचली असतीस? कदाचित नाही. कदाचित हो. खरं उत्तर एवढंच आहे, आणि खरंच सांगायचं म्हणून मी दोनशे मैल गाडी हाकत गेले होते.

"नाही श्रीकांत," मी म्हणाले. "ती नळी बंद झाल्यावर कोणाच्या हातात काही नसतं. मी स्वतः तिथे उभी असते तरी काही करू शकले नसते."

"नक्की?"

"नक्की."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी नजर हलवली नाही. मग तो टेबलावर डोकं टेकून रडला, मोठ्याने, पोर रडतं तसा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो रडायचा थांबेपर्यंत काढला नाही.

तुझी शपथ मी मोडली, कुंदा. त्यासाठी मला माफ कर नाहीतर नको करू, तुझी मर्जी. पहिलं खोटं तुझं होतं, ते मी परत घेतलं. हे दुसरं माझं आहे, आणि हे मी परत घेणार नाही.